मशीन कॉटखाली का जाते? झोपेत अडणारा श्वास आणि आपले काम

अक्कलकुव्यात आमच्या रविवारच्या वंदनेला एक काका नेमाने येत. ध्यानाला बसले की पाच मिनिटांत त्यांची मान खाली जाई आणि थोड्याच वेळात घोरणे सुरू होई. मुले तोंड दाबून हसत. एका ज्येष्ठ उपासकांनी त्यांना पाच नीवरणांतले थीनमिद्ध समजावून सांगितले आणि वीर्य वाढवा, असा सल्ला दिला. आम्हीही तेव्हा मान डोलावली. काका आधी मागच्या रांगेत बसू लागले, मग यायचेच बंद झाले.

हे काका अक्कलकुवा–मोलगी रस्त्यावर प्रवासी जीप चालवतात. त्या वाटेवर देवगोईचा घाट आहे. एकदा काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "रात्री यांचा श्वासच थांबतो रे. मी हलवते, मग परत सुरू होतो. माझी तर झोपच उडाली आहे." आम्ही ज्याला आळस म्हणत होतो, तो आजार होता. आणि ज्या माणसाला रात्रभर झोप मिळत नव्हती, तो सकाळी माणसांनी भरलेली जीप घेऊन घाट चढत होता.

ही चूक आमची होती, म्हणून हा लेख.

आजार काय आहे?

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशात जागाच अरुंद असते, काहींच्या मानेभोवती चरबी असते, काहींचा जबडा मागे असतो. अशा वेळी श्वासाची वाट मिटते. छाती श्वास ओढत असते, पण हवा आत जात नाही. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक खंड मोजतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून शरीराला अर्धवट जागे करतो, मोठ्या घरघरीसह श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. माणसाला यातले काहीच आठवत नाही. आठ तास झोपूनही तो थकलेलाच उठतो.

श्वास पूर्ण थांबणे किंवा बराच कमी होणे, असे तासाला किती वेळा घडते, यावरून तीव्रता ठरते. 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. उपचाराविना राहिलेला तीव्र आजार रक्तदाब वाढवतो, हृदयाचे ठोके बिघडवतो, पक्षाघाताचा धोका वाढवतो. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा आपल्या घराघरांतला समज किती चुकीचा आहे, ते तेव्हा अनेकांना कळले.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता आणि मग गुदमरून आलेला श्वास. सकाळी डोके जड, तोंड कोरडे. रात्री लघवीला वारंवार उठणे. दिवसा बसल्या जागी पेंग, चिडचिड, विसराळूपणा. स्त्रियांमध्ये घोरणे कमी आणि थकवा, झोपमोड जास्त दिसते, म्हणून त्यांचा आजार लवकर लक्षात येत नाही. सडपातळ माणसालाही तो होतो. लहान मुलांत बहुधा वाढलेल्या टॉन्सिल्समुळे होतो आणि त्यांचा उपचार वेगळा असतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. नंदुरबारच्या आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये झोपेतल्या श्वासाचा त्रास जास्त आढळतो आणि रात्री ऑक्सिजन उतरणे त्यांना अधिक घातक असते. असे मूल घोरत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायला हवे.

मशीन नेमके काय करते?

मध्यम आणि तीव्र आजारावर सर्वाधिक वापरला जाणारा उपचार म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1980 मध्ये ती पद्धत पहिल्यांदा रुग्णावर वापरली आणि 1981 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मांडली. त्याआधी तीव्र आजारावर गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करणे हाच मुख्य उपाय होता.

या मशीनमध्ये औषध नसते आणि ऑक्सिजनही नसतो. खोलीतलीच हवा ती गाळून, ठरावीक दाबाने, नळीतून मास्ककडे पाठवते. त्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. श्वास आपला आपणच घ्यायचा असतो.

हे सांगणे गरजेचे आहे, कारण कोरोनाच्या काळात लोकांनी वॉर्डात तोंडाला मास्क लावलेली माणसे पाहिली आहेत आणि त्यातली कित्येक घरी परतली नाहीत. त्यामुळे "मशीन लागली म्हणजे आता संपलेच" ही भीती गावोगावी बसली आहे. सीपॅप ही शेवटची मशीन नव्हे. चष्मा लावून माणूस जसा वाचतो, तसे हे लावून माणूस झोपतो. चष्म्यासारखेच, काढून ठेवले की उपयोग संपला.

पहिले काही आठवडे

काकांची तपासणी सुरतला झाली. आकडा तासाला तीसच्या वर आला. पतसंस्थेचे कर्ज काढून मशीन आणली. नवव्या रात्री ती कॉटखाली गेली. असे अनेकांचे होते. मशीन विकत घेणे म्हणजे उपचार नव्हे, ती रोज रात्री चेहऱ्यावर टिकणे हा उपचार आहे. आणि मशीन न टिकण्याची कारणे बहुधा साधी असतात.

गुदमरल्यासारखे वाटणे हे पहिले कारण. यावर दिवसा सराव करावा. आधी नुसता मास्क हातात धरून नाकावर ठेवायचा, पट्टे न बांधता. मग पट्टे बांधून टीव्ही बघत पंधरा-वीस मिनिटे बसायचे. मग मशीन चालू करून तेवढाच वेळ. मग दुपारची डुलकी. मग रात्र. घाई केली की भीती बसते. मास्कला बारीक छिद्रे असतात, वापरलेली हवा त्यातून बाहेर जाते. ती बुजवायची नाहीत. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते, तिने दाब हळूहळू वाढतो.

आनापानाचा सराव असलेल्यांना इथे मदत होते. मास्क लावून बसल्यावर येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहिले की छातीतली धडधड कमी होते. मात्र गैरसमज नको. ध्यानाने हा आजार बरा होत नाही. घसा मिटतो तो झोपेत, जेव्हा आपली जागरूकता तिथे नसते.

हवा गळणे हे दुसरे कारण. गळती झाली की माणूस पट्टे आवळतो, गादी चेपते आणि गळती वाढते, शिवाय नाकावर वळ उठतात. मास्क मापाचा हवा आणि पट्टे आडवे झोपून, मशीन चालू ठेवून जुळवायला हवेत. मास्क तीन प्रकारचे असतात: नाकपुड्यांत बसणारा, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याला नाकाचा मास्क दिला तर हवा तोंडातून निघून जाते. दाट मिशा-दाढीमुळेही गळती होते. काकांचा मास्क एका मापाने मोठा होता. एवढ्यासाठी कर्जाची मशीन धूळ खात पडली होती.

नाक-तोंड कोरडे पडणे हे तिसरे. त्यासाठी मशीनला पाण्याचे भांडे, म्हणजे ह्युमिडिफायर जोडतात. त्यात डिस्टिल्ड पाणी रोज नवे भरावे, शिळे ठेवू नये. सातपुड्यातल्या थंडीत नळीत पाण्याचे थेंब साचून चेहऱ्यावर येतात. तेव्हा ओलावा कमी करावा आणि नळी पांघरुणाखालून घ्यावी. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवली की पाणी चेहऱ्याकडे उतरत नाही. पोटात हवा भरत असेल, नाक सतत चोंदत असेल तर डॉक्टरांना सांगावे. दाब मनाने कमी-जास्त करू नये.

मास्कची गादी रोज साध्या साबणाने धुवावी, नळी आठवड्याला. फिल्टर इथल्या धुळीत लवकर काळा होतो, तो बघत राहावा.

मशीन किती तास चालली, गळती किती झाली, श्वास किती वेळा अडला, याची नोंद मशीनच ठेवते. रात्री किमान चार तास आणि महिन्यातल्या किमान सत्तर टक्के रात्री, हे डॉक्टर सहसा धरतात ते कमीत कमी प्रमाण आहे. खरे तर जेवढी झोप तेवढा वेळ मशीन हवी.

लाइट, पैसा आणि दारू

"रात्री लाइट जाते, मग मशीन काय कामाची?" हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. हिशेब करू. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीनला सरासरी 40 वॅट धरा. आठ तासांत 320 वॅट-तास, म्हणजे युनिटचा तिसरा हिस्सा. महिन्याला सुमारे दहा युनिट. घरात 150 अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर पंखा आणि मशीन दोन्ही रात्र काढतात. लाइट जाऊन मशीन बंद पडली तर माणूस बहुधा जागा होतोच. तेव्हा मास्क काढून कुशीवर झोपावे. उताणे झोपल्यावर अनेकांचा त्रास वाढतो.

मशीनचा खर्च हजारांत, अनेकदा तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी सीजीएचएसमध्ये आणि माजी सैनिकांनी ईसीएचएसमध्ये जरूर चौकशी करावी, तिथे या मशीनच्या परताव्याची तरतूद आहे. जुनी मशीन घेताना सावध राहा. जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजत असल्यामुळे आपल्या लाखो मशीन जगभरातून परत बोलावल्या होत्या. म्हणून मॉडेल आणि क्रमांक तपासा, मास्क, नळी, फिल्टर नवे घ्या आणि दाब डॉक्टरांकडूनच लावून घ्या. दुसऱ्याचा दाब आपल्याला चालत नाही.

आणि दारू. मोहाची असो की बाटलीतली, ती घसा आणखी सैल करते, श्वास आणखी लांब थांबतो. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. या आजारात ते वैद्यकीय पथ्यही आहे. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सुदस्सन व्हा

संयुत्त निकायातल्या कोसल संयुत्तात एक प्रसंग आहे. राजा पसेनदी आकंठ जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला हिणवले नाही. मोजून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा शिकून घ्यायला लावली आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे खाणे बेतात आले, शरीर हलके झाले. उपदेश एकदाच झाला. तो अंगी लागला, कारण रोज एक तरुण शेजारी उभा राहिला.

आमच्याकडे दोघांनी हे काम केले. त्यांनी मशीन कॉटखालून काढली, दुकानदाराला फोन करून मास्क बदलून घेतला, पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास काकांजवळ बसून सराव करवला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत घाटात जीप पुतण्याने चालवली. ते दिवस घरात पैशाची ओढाताण झाली, तेव्हा विहारातल्या चार घरांनी किराणा पाहिला. रोजी बुडण्याच्या भीतीने चालक हा आजार लपवतात, म्हणून नुसते "गाडी चालवू नका" सांगून भागत नाही.

प्रत्येक विहाराला एवढे जमण्यासारखे आहे. वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोला. रात्रपाळी करणारे, ट्रक-जीप चालवणारे, रक्तदाब असलेले यांना लक्षणे विचारा. घोरण्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून डॉक्टरांकडे नेता येतो. ज्यांच्याकडे मशीन आहे, त्यांच्या घरी जाऊन एवढेच विचारा: काल रात्री लावली होती का? नसेल तर, कशामुळे?

काका आता पुन्हा येतात. मशीन रोज लागतेच असे नाही, लग्नसराईत दोन-चार रात्री बुडतात, मग काकू आम्हाला सांगतात. पण ध्यानात ते जागे असतात. परवा पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी बसलेला एक मुलगा पेंगू लागला. कोणी हसले नाही. काकांनीच त्याला नंतर बाजूला घेऊन विचारले, "रात्री झोप लागते ना रे नीट?"

जय भीम, नमो बुद्धाय.