न झालेल्या परीक्षेचे गुण

परीक्षा न देता मिळालेले दहावीचे गुण कितपत न्याय्य, हा प्रश्न २०२१ साली राज्यभर गाजला आणि निकालानंतर मागे पडला. जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी तालुक्यांतील मुलांसाठी मात्र तो संपलेला नाही. कारण त्या वर्षीची गुणपत्रिका आजही नोकरीच्या अर्जांत कामी येते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द केली. २८ मे रोजी मूल्यमापनाचे सूत्र जाहीर झाले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ३० गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाला, २० गुण गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक कामाला आणि ५० गुण नववीच्या अंतिम निकालाला ठेवण्यात आले. गुण शिक्षकांनी द्यायचे आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील निकाल समितीने ते तपासायचे, अशी व्यवस्था होती. १६ जुलैला निकाल लागला तो ९९.९५ टक्के!

सूत्र सर्वांना एकच होते. परंतु त्यात भरायच्या नोंदी सर्वांकडे सारख्या नव्हत्या. शहरांतील अनेक शाळांनी वर्षभर ऑनलाइन चाचण्या घेतल्या होत्या. जव्हार-मोखाड्यातील कित्येक पाड्यांवर मोबाइलची रेंज मिळणेच दुरापास्त. येथील अनेक मुलांचा आधार असलेल्या निवासी आश्रमशाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि मुले घरी परतली. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या नोंदी तर आणखी विरळ.

मग नववीचे ५० गुण तरी भक्कम होते काय? २०२० मध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द झाली होती. त्यामुळे तो निकाल प्रामुख्याने २०१९ च्या पहिल्या सत्रावर उभा होता. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. उशिरा सावरणाऱ्या अशा मुलाची प्रगती या सूत्रात दिसण्यास वावच नव्हता.

याचा अर्थ शिक्षकांनी गुण देणेच चूक, असा नव्हे. आश्रमशाळेतील शिक्षक मुलाला अहोरात्र पाहतो. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा त्याला अधिक ठाऊक असू शकते. ब्रिटनमध्ये २०२० साली शिक्षकांचे अंदाज 'सुधारण्यासाठी' संगणकीय सूत्र वापरले गेले आणि ए-लेव्हलच्या सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. शाळेच्या पूर्वीच्या निकालांवर भर असल्याने दुबळ्या शाळांतील हुशार मुले भरडली गेली. चारच दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली.

खरी अडचण पुढे येते. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवरून, तीही टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत मोजून होते. गावाजवळची ही नोकरी दुर्गम भागातील तरुणांना मोलाची. त्या यादीत वेगवेगळ्या वर्षांचे उमेदवार एकत्र येतात. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकल्याने निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. ते परत आल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. म्हणजे २०१९ च्या मुलाने कठोर फुटपट्टीचा तोटा सोसायचा, आणि २०२१ च्या मुलीने नोंदीच नसल्याचा!

मंडळाने २०२१ च्या विद्यार्थ्यांना श्रेणीसुधाराची संधी दिली होती. परंतु पोटासाठी कामाला लागलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची तयारी करणे सोपे नसते. यावर उपाय गुंतागुंतीचा नाही. भरती करताना नुसती टक्केवारी न पाहता, उमेदवार आपल्या मंडळात, आपल्या वर्षी कितव्या स्थानी होता, हे पाहावे. वर्षावर्षांतील तफावत त्यामुळे दूर होईल. नोंदींची उणीव मात्र शाळेतच भरून काढावी लागेल. पाड्यावर, वीटभट्टीवर, जिथे मूल असेल तिथे त्याच्या अभ्यासाची नोंद पोहोचली पाहिजे. अन्यथा पुढच्या संकटातही सूत्र समान राहील आणि न्याय मात्र असमान.