जुन्या जीपचा क्लच आणि फायरवॉल : कापण्याआधी विचार करा

गॅरेजवाले भेटले की एकच गाऱ्हाणे ऐकू येते. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात, संगणक जोडल्याशिवाय त्यांचा दोष कळत नाही. मग हातोडी-पान्याच्या कारागिराने करायचे काय? गाऱ्हाणे खोटे नाही. पण संगणकाचा काही उपयोग नाही असेही एक काम आहे, ते म्हणजे जुन्या गाड्या मूळ रूपात उभ्या करण्याचे. आज आम्ही त्यातल्या एकाच कामाविषयी लिहीत आहोत : जुन्या विलीज जीपची क्लचची जोडणी आणि फायरवॉलचा पत्रा.

जीप आपल्याला परकी नाही. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. याच कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ साली निघालेले उंच बॉनेटचे सीजे-३बी मॉडेल तर आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे बनत राहिले. शेतावर, सरकारी खात्यांत, घाटरस्त्यांवर त्या जीप राबल्या. त्यांतल्या काही आता हौशी मालकांच्या हाती आल्या आहेत.

दोष कुठे, खर्च कुठे

अशी एक जीप आम्ही एका गॅरेजात पाहिली. गियर टाकताना खरखर होत होती. मालकाने दुसरीकडे दोन वेळा क्लच प्लेट बदलून घेतली होती, तरी खरखर तशीच. इथल्या उस्तादांनी गिअरबॉक्सला हातही लावला नाही. ते गाडीखाली गेले आणि पोऱ्याला पेडल हळूहळू दाबायला सांगितले. पेडल अर्ध्यावर आले तरी क्लचचा फोर्क जागचा हलला नव्हता. अर्धा दाब वाटेतल्या सांध्यांनीच खाल्ला होता.

या जीपचा क्लच तेलाच्या दाबावर चालत नाही. पेडलपासून सळी निघते, ती एका आडव्या नळीला फिरवते. नळीचे एक टोक चासीकडे, दुसरे इंजिनाच्या बेल हाउसिंगकडे, आणि दोन्ही टोके गोळ्यांवर टेकलेली असतात. नळीचा दुसरा लिव्हर फोर्कला ओढतो. सांधे बरेच, आणि प्रत्येक सांध्यातली थोडी थोडी झीज पेडलपाशी कित्येक पटींनी वाढून जाणवते.

मग अननुभवी मिस्त्री काय करतो? तो सळी आवळून ढिलाई संपवून टाकतो. दोन दिवस गाडी छान चालते. पण रिलीज बेअरिंग सतत टेकलेले राहते, बेअरिंग जळते, प्लेट घसरू लागते, आणि दोष प्लेटच्या कंपनीला दिला जातो.

जोडणी कशी करावी

सुरुवात इंजिनाच्या रबरी माउंटिंगपासून करावी. रबर बसले असेल तर इंजिन खाली जाते आणि नळी तिरपी होते. तसेच क्लच दाबताना इंजिन पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याला एक ताणाची केबल दिलेली असते. पुष्कळ गाड्यांत ती कोणीतरी काढून टाकलेली असते. ती परत लावावी.

मग नळी काढावी. काढण्यापूर्वी दोन्ही लिव्हरांचा कोन पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. गोळे झिजून चपटे झाले असतील तर नवे घ्यावेत किंवा भरून लेथवर गोल करून घ्यावेत. पिनांची भोके लांबट झाली असतील तर ती मोठी करून बुश ठोकावा, जाड पिन घालून वेळ मारून नेऊ नये. लिव्हरच्या मुळाशी तडा असेल तर खाच पाडून वेल्डिंग करावे. सर्व सांध्यांना ग्रीस आणि नवी कॉटर पिन. शेवटी पेडलला पाऊण ते एक इंच मोकळी चाल ठेवावी. त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा.

पत्र्याचे काम

इंजिन आणि माणसे यांच्यामधला उभा पत्रा म्हणजे फायरवॉल. मूळ जीपमध्ये पेडले चासीवर टेकलेली असतात, म्हणून पायाचा जोर चासी घेते, पत्रा घेत नाही. ही गोष्ट विसरून काही जण जोडणी फेकून देतात, फायरवॉलला भोके पाडून नव्या गाडीची टांगती पेडले बसवतात. तो पत्रा या जोरासाठी केलेलाच नाही. प्रत्येक दाबाला तो वाकतो आणि काही महिन्यांत भोकांभोवती तडे जातात.

सडलेला पत्रा दुरुस्त करताना आधी बॅटरी सोडवावी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. सीजे-३बीची टाकी चालकाच्या सीटखाली असते, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीपासून हातभर अंतरावर. मग सर्व भोकांचा कागदी साचा करावा आणि फोटो काढावेत. हातोडीने ठोकून सड कुठवर आहे ते पाहावे, विशेषतः बॅटरीच्या बाजूला आणि खालच्या कडेला. चांगल्या पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा कडेला कड लावून बसवावा. तुकड्यावर तुकडा चढवला की मध्ये पाणी साचते. टाके लहान आणि अंतराअंतराने घ्यावेत, नाहीतर पत्रा उचलतो. पुटीने भोक बुजवणे ही दुरुस्ती नव्हे.

शेवटी प्रायमर, सांध्यांना सीलर आणि वायरिंगच्या प्रत्येक भोकात रबर. उघड्या कडेवर वायर घासली की आग लागायला वेळ लागत नाही.

कायद्याची बाजू

हे काम नुसत्या हौसेचे नाही. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क ठरले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही.

म्हणजे आपल्या हातून फायरवॉल कापली गेली, तर मालकाचा हा हक्कच धोक्यात येतो. पत्रा परत आणता येतो, पण मूळपणा परत आणता येत नाही. नंबरची पट्टी आणि चासीवरचा नंबर यांना तर ग्राइंडर लागताच कामा नये.

हिशेब आणि नाव

अशा कामात दर ठरवताना घाई करू नये. आधी उघडून पाहण्याची मजुरी वेगळी ठरवावी, मग लेखी अंदाज द्यावा. सड किती आहे हे पत्रा साफ केल्याशिवाय कळत नाही, हेही त्यात लिहावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा आणि बदललेले जुने भाग मालकाला परत द्यावेत.

त्या जीपच्या मालकाला शेवटी दोन गोळे, काही बुश, एक केबल आणि लेथची मजुरी एवढाच खर्च आला. तिसरी क्लच प्लेट विकून उस्तादांना जास्त पैसे मिळाले असते. त्यांनी ती विकली नाही. पुढच्या महिन्यात तोच मालक आपल्या मित्राची जीप घेऊन त्यांच्या दारात उभा होता.