हक्काच्या पेन्शनला उशिराचा फटका

पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून जवान घरी परततो. सोबत कधी दुखरी पाठ असते, कधी रक्तदाब. मग एक दिवस टपालाने पत्र येतं : आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सबब अपंगत्व पेन्शन नामंजूर. ‘साहेबांनीच लिहिलंय, आता काय करणार?’ असं म्हणून पत्र ट्रंकेत जातं. चूक होते ती इथेच.

जबलपूरला ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्स यांची रेकॉर्ड ऑफिसं आहेत. त्यामुळे साताऱ्याच्या सिग्नलमनचे कागदही इथेच असतात. मात्र नकार हा शेवटचा शब्द नसतो. सहा महिन्यांत पहिलं अपील करता येतं, तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं दार उघडं असतं. त्याचं एक खंडपीठ जबलपूरला आहे, एक मुंबईला. जवान हयात नसेल तर पत्नी आणि वारसही तिथे दाद मागू शकतात.

बाजूही अनेकदा भक्कम असते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे जडला, तर तो सेवेमुळेच झाला असं सामान्यतः मानावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंह खटल्यात दिला. (21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी मात्र नवे नियम आहेत.)

पण जिंकूनही उशिराची किंमत मोजावी लागते. तरसेम सिंह 1983 मध्ये आजारपणामुळे सैन्यातून बाहेर पडले, न्यायालयात गेले 1999 मध्ये. पेन्शन मिळाली, परंतु थकबाकी अर्ज करण्यापूर्वीच्या 38 महिन्यांपुरतीच, असं 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. सुमारे तेरा वर्षांचे पैसे बुडाले. तेवढ्यात मुलांची शिक्षणं झाली असती!

म्हणून घरातल्या गृहिणीनेच हे लक्षात ठेवावं. पत्र आलं की पाकीटही जपून ठेवावं, त्यावरचा टपालाचा शिक्का हा तारखेचा पुरावा. मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत मागावी. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करावा. अपील स्पीड पोस्टानेच पाठवावं, पावती सांभाळावी. सहा महिने उत्तर आलं नाही, तरी न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुदत टळून गेली असेल, तर उशिराचं कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायला संकोच कसला?

ही खैरात नव्हे, देहाने मोजलेली कमाई आहे. ती ट्रंकेत पडून राहू नये.