विंचवाच्या औषधाचा माग

पावसाळा लागला की नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात विंचूदंशाचे कुणाला नवल वाटत नाही. दगड उचलताना, कडब्याची पेंढी ओढताना, अंधारात बांधावर पाय पडताना नांगी बसते. विष अंगात भिनून घाम फुटू लागला, हातपाय गार पडले, की डॉक्टर प्राझोसिनची गोळी देतात. मूळची रक्तदाबाची ही गोळी विंचवाच्या विषावर रुजवली ती मराठवाड्याच्याच माणसाने. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाड परिसरात रुग्णसेवा करत होते. प्राझोसिनविषयीची त्यांची निरीक्षणे १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याआधी गंभीर विषबाधेत शंभरातले तीसेक रुग्ण दगावत. पुढे त्यांच्या नोंदींत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

आता समजा, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीला विंचूदंशाच्या उपचारांचा पद्धतशीर आढावा घ्यायचा आहे. म्हणजे या विषयावरचे सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या नियमांनी गोळा करायचे, त्यांचा कस तपासायचा आणि मग निष्कर्ष काढायचा. ती पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत शब्द टाकून शोध सुरू करते आणि तिथेच अडते. लाल विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलस, नंतर मेसोब्युथस टॅम्युलस, तर आता हॉटेंटोटा टॅम्युलस. यातले एक नाव राहून गेले, की त्या काळातले लेख हातातून निसटू शकतात. जुन्या लेखांच्या नोंदीत पुष्कळदा सारांशही नसतो.

इथे संदर्भांचा माग काढणे उपयोगी पडते. नावे बदलली तरी कोणी कोणाचा आधार घेतला, ही नोंद बदलत नाही. वंशावळीसारखा हा शोध पूर्वजांकडेही जातो आणि वंशजांकडेही. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची ७० रुग्णांवरची चाचणी २०११ साली ‘बीएमजे’मध्ये आली. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत ३५ पैकी ८ रुग्ण पूर्ण बरे झाले. सोबत प्रतिविष दिल्यावर ३५ पैकी ३२. या लेखाच्या शेवटची संदर्भयादी धरून मागे गेले, की प्राझोसिनच्या सुरुवातीच्या काळातले काम सापडते. उलट १९८६चा लेख हाती धरून त्याचा आधार पुढे कोणी घेतला हे पाहिले, की नंतरचे अभ्यास समोर येतात.

मागे जाणे पूर्वीही शक्य होते. पुढे जाण्याची वाट मोकळी केली युजीन गारफिल्ड यांनी, १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही कोणाचा आधार कोणी घेतला हे दाखवणारी सूची काढून. आज अशा सूच्यांपैकी वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस यांना वर्गणी लागते. गूगल स्कॉलर फुकट आहे.

या मार्गाने किती हाती लागते? ट्रिशा ग्रीनहाल्घ आणि रिचर्ड पीकॉक यांनी २००५ साली आरोग्यसेवेतल्या एका गुंतागुंतीच्या आढाव्यातले ४९५ स्रोत तपासले. आधी आखलेल्या शोधातून ३० टक्के मिळाले होते, तर संदर्भांवरून संदर्भ शोधत ५१ टक्के. एखाद्या औषधाच्या साध्या प्रश्नात हे प्रमाण वेगळे असेल. पण शब्द अपुरे पडतात तिथे हा शोध टाळून चालत नाही.

मात्र एखाद्या लेखाचे नाव शंभर जणांनी घेतले म्हणून तो खरा ठरत नाही. मागे घेतलेल्या लेखांचेही दाखले दिले जातात. ज्याचा उल्लेखच कोणी केला नाही, असा चांगला अभ्यास या शोधाला दिसत नाही, आणि लहान नियतकालिके मोठ्या सूच्यांत सहसा नसतात. म्हणून हा शोध शब्दशोधाच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नव्हे. कोणत्या लेखांपासून सुरुवात केली, कोणती सूची वापरली, कोणत्या तारखेला शोधले, हे आढाव्यात लिहिलेच पाहिजे. २०२४ साली ‘बीएमजे’त आलेल्या टार्सिस मार्गदर्शनाचाही भर असा शोध नीट करण्यावर आणि तो स्पष्ट नोंदवण्यावर आहे.

उपचारांचे नियम अशा आढाव्यांवर बेतलेले असतात. आडगावच्या डॉक्टरांनी कष्टाने लिहून ठेवलेला पुरावा आढाव्यातून सुटला, तर त्याची किंमत त्याच आडगावचे रुग्ण मोजतात. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध करावीत, संदर्भ पूर्ण आणि अचूक द्यावेत. आणि आढावा घेणाऱ्यांनी त्या निरीक्षणांपर्यंत पोचण्याचे कष्ट घ्यावेत.