संभाव्यतेवरील 'माहितीची पर्याप्तता' प्रश्न : उकलीची दिशा

व्यवस्थापन शाखेच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेत 'डेटा सफिशियन्सी' म्हणजे माहितीच्या पर्याप्ततेवरील प्रश्न विचारले जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात हे प्रश्न गणिताच्या विभागातून 'डेटा इन्साइट्स' या ४५ मिनिटांच्या, २० प्रश्नांच्या विभागात गेले. तेथे पडद्यावर गणकयंत्र मिळते. परंतु या प्रश्नांत त्याचा फारसा उपयोग नाही. येथे उत्तर काढावयाचे नसून, दिलेल्या दोन विधानांवरून ते निश्चितपणे निघू शकते काय, एवढेच ठरवावयाचे असते. पर्याय पाच व ठरलेले : केवळ पहिले पुरेसे, केवळ दुसरे पुरेसे, दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे, अथवा दोन्ही मिळूनही अपुरी.

आपला विद्यार्थी सूत्र चटकन मांडतो. मात्र त्यात भरावयास संख्या दिसल्या नाहीत की 'माहिती अपुरी' असे ठरवून मोकळा होतो. मार्गदर्शन वर्गात प्रस्तुत लेखकास ही चूक वारंवार आढळली आहे.

समजा, पिशवीत केवळ लाल व पांढरे चेंडू आहेत. एक चेंडू काढल्यास तो लाल असण्याची संभाव्यता किती? 'लाल व पांढऱ्यांचे प्रमाण २ : ३ आहे', एवढे विधान पुरेसे आहे, चेंडू ५ असोत वा ५००, उत्तर २/५ च येते. आता दोन चेंडू, पहिला परत न ठेवता, काढले व दोन्ही लाल असण्याची संभाव्यता विचारली, तर तेच विधान अपुरे ठरते. ५ चेंडू असतील तर १/१०, आणि १० असतील तर २/१५. 'पांढरे चेंडू लाल चेंडूंपेक्षा २ ने अधिक आहेत' हे विधानही एकटे अपुरे; दोन्ही एकत्र घेतल्यास मात्र ४ लाल व ६ पांढरे निश्चित होतात. तेथेच थांबावे, पुढील गुणाकार करू नये.

खरी कसोटी वर्गसमीकरणात लागते. एकूण चेंडू १० असून दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता १/१५ आहे. तर लाल किती? लाल चेंडू 'क्ष' मानल्यास क्ष(क्ष − १) = ६, म्हणून क्ष = ३ किंवा −२. ऋण संख्येइतके चेंडू असूच शकत नाहीत, म्हणून विधान पुरेसे. याऐवजी 'दोन चेंडू भिन्न रंगांचे असण्याची संभाव्यता ७/१५ आहे' असे सांगितले, तर क्ष(१० − क्ष) = २१; येथे ३ व ७ ही दोन्ही उत्तरे ग्राह्य, म्हणून विधान अपुरे. समीकरण मांडता आले म्हणजे माहिती पुरेशी झाली, हा समज येथे फसतो. ग्राह्य उत्तरे किती, हे मोजावेच लागते. 'लाल चेंडू पांढऱ्यांपेक्षा कमी आहेत' एवढे दुसरे विधान, एकही नवी संख्या न देता, ७ ला बाद करते आणि ३ हेच उत्तर उरते.