नागीण ओसरल्यानंतर...

नागिणीचा विळखा कमरेभोवती पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला वैद्यकशास्त्रात आधार नाही. नागिणीचे पुरळ बहुधा एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रात, शरीराच्या एकाच बाजूला उमटते. त्यामुळे विळखा सहसा पूर्ण होतच नाही. फोड सुकले की रुग्ण सुटकेचा नि:श्वास टाकतो. मात्र त्यानंतरही त्या जागेवर नजर ठेवणे शहाणपणाचे असते. नागीण बरी झाल्यावर नेमक्या त्याच जागी त्वचेचा कर्करोग किंवा लसिका पेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, उद्‌भवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्या अत्यंत विरळ आहेत. पण दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत.

कांजिण्यांचा विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहतो. वाढत्या वयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तो जागा होतो आणि नागीण उद्‌भवते.

अशा व्रणांवर कर्करोग झाल्याकडे ब्रिटिश डॉक्टर रॉजर वायबर्न-मेसन यांनी १९५५ मध्ये लक्ष वेधले. एक आजार बरा झालेल्या जागी दुसराच, त्याच्याशी संबंध नसलेला त्वचाविकार होण्याला रॉनी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘आयसोटोपिक रिस्पॉन्स’ असे नाव दिले. या नंतरच्या विकारांपैकी बहुतेक कर्करोग नसतात. ग्रॅन्युलोमासारख्या सौम्य गाठीच त्यांत अधिक आढळतात.

असे का होत असावे? नागिणीत त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांना इजा होते. या टोकांतून स्रवणारी रसायने तेथील प्रतिकारपेशींचे नियमन करतात. ही व्यवस्था विस्कटली की तेवढ्या भागाची राखण दुबळी पडते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. उशिरा उमटलेल्या गाठींत विषाणूचा अंश बहुधा सापडत नाही, हेही या मताला पूरक आहे. तथापि, विरळ रुग्णांच्या नोंदींवरून नागिणीमुळेच कर्करोग होतो, असे सिद्ध होत नाही.

लिम्फोमाच्या बाबतीत क्रम अनेकदा उलटा असतो. रक्ताचा किंवा लसिका पेशींचा कर्करोग आधीच असतो, त्याने प्रतिकारशक्ती खालावते, म्हणून नागीण होते; पुढे त्याच रोगाच्या पेशी व्रणाच्या जागी गोळा होतात. काही गाठी तर केवळ लिम्फोमासारख्या दिसतात, पण निरुपद्रवी असतात. हा भेद नुसत्या नजरेने करता येत नाही. त्यासाठी बायोप्सी आणि पेशींच्या विशेष चाचण्या लागतात.

खरा धोका विलंबाचा आहे. ‘नागीण पुन्हा उलटली’ असे समजून महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. जुन्या व्रणावर वाढत जाणारी गाठ, न भरणारी किंवा रक्त येणारी जखम, जाड होत जाणारा लालसर चट्टा दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि पूर्वी तेथे नागीण झाली होती, हे आवर्जून सांगावे. नुसते डाग किंवा रेंगाळणारी वेदना म्हणजे कर्करोग नव्हे.

नागीण उमटताच, शक्यतो ७२ तासांच्या आत, विषाणूरोधक औषध सुरू करणे हिताचे असते. पन्नाशीनंतर घेता येणारी नवी प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतातही मिळू लागली आहे. विळख्याची भीती सोडावी. व्रणाकडे मात्र डोळसपणे पाहावे.