बुडीत खात्यातले वैभव

बँकेत हयात गेली. गिऱ्हाईक हातचे गेले तर, ही धास्ती अजून सुटत नाही. म्हणून लंडनच्या नोएल देझाँफाँ या चित्रव्यापाऱ्याची गोष्ट मला जवळची वाटते. १७९० मध्ये पोलंडच्या राजाने त्याला व मित्र फ्रान्सिस बूर्ज्वाला राष्ट्रीय संग्रहासाठी चित्रे जमवायला सांगितले. पाच वर्षांत पोलंडच नकाशावरून पुसले गेले! माल गळ्यात पडला.

देझाँफाँमागे बूर्ज्वाने १८११ मध्ये मरताना चित्रे डलिच कॉलेजला दिली, लोकांनी पाहावीत म्हणून. बँक ऑफ इंग्लंडच्या जॉन सोन या वास्तुशिल्पकाराने छतातून उजेड झिरपणारे चित्रदालन बांधले. १८१७ मध्ये ते सर्वांना खुले झाले. देझाँफाँ पती-पत्नी आणि बूर्ज्वा तिथेच चिरविश्रांती घेत आहेत.

बुडीत खात्याचे असे सोने झालेले मी तरी दुसरे पाहिले नाही.